वर्गात कुणी घरची गोष्ट सांगतं तेव्हा

नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजात पहिला आठवडा ओळखीचा असतो. एकेकानं उभं राहायचं, पूर्ण नाव सांगायचं, गाव सांगायचं, वडील काय करतात ते सांगायचं. नाव पूर्णच लागतं. नुसतं पहिलं नाव सांगून कुणी खाली बसू लागलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘आडनाव सांग न बे!’ आडनाव कळलं की बहुतेकांचं काम मनातल्या मनात झालेलं असतं. मोहल्ला कळला, जात कळली, डब्यात काय असेल तेही कळलं, असं वाटतं. हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. मेश्राम हे आडनाव बौद्धांत आहे, तसंच गोंडांतही आहे. जरीपटक्यात राहणारा प्रत्येक जण सिंधी नसतो. घरी हिंदी बोलणारी मुलगी बाहेरून आलेली असेलच असं नाही; 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि इथल्या कित्येक घरांत दोन्ही भाषा एकाच ताटात वाढल्या जातात.

पुढं याच वर्गात घरच्या गोष्टी सांगायची वेळ येते. 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा त्याच्या आराखड्यात ‘स्वतःला समजून घेणे’ असा एक भाग आला. समाजकार्याच्या वर्गांत अशी देवाणघेवाण होतेच, भाषेच्या तासालाही ‘माझं घर’, ‘माझं गाव’ लिहून आणायला सांगतात. मुलं लिहितात, वाचून दाखवतात. आजी, स्थलांतर, सण, बोली, जात, धर्म, वडिलांचा धंदा, आईचं माहेर. मग शिक्षक म्हणतात, ‘आता बाकीच्यांनी प्रतिसाद द्या.’ इथं वर्ग अडतो. काय लिहायचं याच्या सूचना सांगणाऱ्याला मिळालेल्या असतात. ऐकणाऱ्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. टाळ्या होतात, दोघं-तिघं ‘खूप छान, प्रेरणादायी’ म्हणतात, आणि पुढचा नंबर येतो. हा लेख त्या ऐकणाऱ्यासाठी आहे.

नागपूरकरांना या विषयावरचं उत्तम पुस्तक शोधायला लांब जावं लागत नाही. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ 1981 मध्ये आलं. नागपुरात महार कुटुंबात जन्मलेल्या, संस्कृतमध्ये एम.ए. केलेल्या आणि पुढं संस्कृतच्याच प्राध्यापक झालेल्या या लेखिकेनं आपल्या संस्कृत शिकण्याची गोष्ट त्यात सांगितली आहे. वाचताना लक्षात येतं की स्वतःच्या धडपडीइतकंच त्या लोकांच्या प्रतिक्रियांबद्दल लिहितात. कार्यक्रमात ओळख करून देणारे तोंड भरून कौतुक करायचे, ऐकणाऱ्यांच्या नजरेत नवल असायचं. ते नवल संस्कृतच्या अभ्यासाचं नव्हतं. या जातीतली, त्यातून बाई, आणि संस्कृत कशी काय, याचं होतं. पुढं एम.ए. होऊनही नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं, आणि मग सरकारी कॉलेजात नेमणूक झाली. सोमकुवर असताना जे मिळालं नाही ते पावडे झाल्यावर मिळालं, हे त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदवलं आहे.

त्याच गोष्टीत शाळेतले गोखले गुरुजी भेटतात. पेहरावावरून अगदी सनातनी वाटणारे. अशा माणसाकडे आपण संस्कृत शिकायचं, या विचारानं मुलगी आधी धास्तावते. गुरुजी मात्र तिला मायेनं शिकवतात, हातचं काही राखत नाहीत. मुलीच्या जिद्दीवर टाळ्या मिळवणारं भाषण त्यांनी केलं असतं तर ते आज कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. मुलीनं संस्कृत मागितलं, गुरुजींनी संस्कृत दिलं. वर्गातल्या प्रतिसादाचा विचार करताना मला हा नमुना सगळ्यात उपयोगी वाटतो: समोरच्यानं जे पुढं ठेवलं आहे त्याच्याशीच बोला.

आता कामाच्या गोष्टी.

सगळ्यात आधी आपलं नवल आवरायचं. ‘तू गडचिरोलीची आहेस, तरी किती छान बोलतेस!’ ‘तू मुस्लिम वाटतच नाहीस.’ ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे,’ हे कुणाला, तर जरीपटक्यातल्या सिंधी मुलाला, ज्याचे पणजोबा फाळणीनंतर इथं आले आणि ज्याचे वडीलही इथल्याच शाळेत शिकले. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे खरं. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आपल्या लोकांकडून याची काही अपेक्षा नव्हती. एक सोपी परीक्षा आहे. जे वाक्य ओठावर आलं आहे ते आपण आपल्या सख्ख्या आत्येबहिणीला म्हटलं असतं का? तिनं एम.ए. केलं तर आपण ‘विषय कोणता घेतला होतास, गाईड कोण होतं’ असं विचारतो. ‘तू? एम.ए.?’ असं विचारत नाही. विचारलंच तर ती पाठीत धपाटा घालते. वर्गातली मुलगी धपाटा घालू शकत नाही, ती फक्त पुढच्या वेळी काही सांगत नाही.

नवल आवरलं की हातात काय उरतं? तपशील. हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण चांगला प्रतिसाद बहुतेक वेळा इथंच तयार होतो.

समजा, धानोऱ्याकडची एक गोंड मुलगी आजीबद्दल वाचते आहे. आजी मोहफुलं वेचायला जायची, असं वाक्य येतं. मागून कुणीतरी ‘दारू!’ म्हणतं, वर्ग हसतो, मुलगी पुढचं भराभर वाचून खाली बसते. मोह म्हटलं की शहराला दारूच आठवते, यात तिचा काय दोष? ज्यानं लक्ष देऊन ऐकलं असेल त्याला किती तरी विचारता येईल. फुलं पहाटे पडतात, मार्च-एप्रिलच्या दिवसांत उन्हं वर यायच्या आत वेचावी लागतात. मग आजी किती वाजता निघायची? सोबत कोण असायचं? जंगलातलं कोणतं झाड कुणाचं, हे गावात ठरलेलं असायचं का? फुलं सुकवायला अंगण पुरायचं का? घरी त्यांचं खायला काय व्हायचं, बाजारात किती जायची? बियांचं तेल कोण काढायचं? यातला एक प्रश्न नीट विचारला तरी मुलगी पुन्हा उभी राहील, आणि आता वाचणार नाही, सांगू लागेल. ‘आज्जी तीन वाजताच उठे’ असं काहीतरी तिच्या स्वतःच्या बोलीत येईल. तिथून पुढं ती गोष्ट आदिवासी संस्कृती या गठ्ठ्याची उरत नाही, त्या एका आजीची होते.

प्रश्नांतही फरक असतो. घडलेल्या गोष्टीबद्दलचा प्रश्न चालतो: काय, कधी, कुठं, कुणी, पुढं काय झालं. समाजाबद्दलचा प्रश्न बहुधा चालत नाही: ‘तुमच्यात असं का करतात?’ ‘तुमच्यात’ म्हटलं की समोरचा एकटा माणूस एका क्षणात लाखो लोकांचा वकील होतो. मोमिनपुऱ्यातल्या मुलीनं रमजानातल्या आपल्या घरच्या पहाटेबद्दल लिहिलं असेल तर तिला सहरीच्या वेळी घरात सगळ्यात आधी कोण उठतं ते विचारा. जगातल्या मुसलमानांच्या वागण्याचा खुलासा तिच्याकडे मागू नका. प्रश्नाला ‘नको’ म्हणायची वाटही ठेवावी. ‘सांगावंसं वाटलं तर सांग’ हे चार शब्द जोडायला वेळ लागत नाही. बी.एड.च्या वर्गात वयाचा फरकही असतो. लग्न होऊन, मुलं शाळेत घालून पुन्हा शिकायला आलेल्या ताई असतात, नोकरी सांभाळून येणारे भाऊ असतात. त्यांच्याशी ‘ताई, तुम्ही’ म्हणूनच बोलायचं. गोष्ट घरगुती आहे म्हणून सलगी आपोआप मिळत नाही.

काही वर्गांत प्रतिसाद लिहून द्यायचा असतो, वहीच्या शेवटच्या पानावर किंवा वेगळ्या कागदावर. तिथं ‘अप्रतिम! डोळ्यांत पाणी आलं!’ याचा सुळसुळाट असतो. सहज ओळखता येतं की लिहिणाऱ्यानं दुसरं पान उलटलेलंही नाही. चार-पाच ओळी पुरतात. पहिल्या ओळीत त्या लेखनातली एखादी नेमकी गोष्ट, जी तुम्हाला थांबवून गेली. मग तुम्हाला आधी माहीत नसलेलं आणि आज कळलेलं काही. मग हवा तर एक प्रश्न. असं काहीसं: ‘तुझ्या आजोबांनी माग विकला त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही, हे वाचून मी थांबलो. मी इतवारीत लहानाचा मोठा झालो, मागाची खटखट ऐकली आहे, पण ती कधी बंद झाली ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माग विकत घेणारा कोण होता, आठवतं का?’ एवढंच. त्यात शुद्धलेखनाची चूक दाखवायची नाही, वाक्यरचना सुधारायची नाही. तो तास वेगळा.

बोलीचंही तसंच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची मुलं झाडीबोलीत बोलतात, कुणी घरी पोवारी बोलतं, कुणी हलबी, कुणी गोंडी. अकोला-अमरावतीकडचा वऱ्हाडी सूर वेगळा, नागपूरचा वेगळा. मूलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत, गोंदिया जिल्ह्यात तिबेटी लोकांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथून आलेल्या मुलांची मराठी शाळेत कमावलेली असते. गोष्ट सांगताना माणूस प्रमाण मराठीत सुरू करतो आणि मन गुंतलं की घरच्या भाषेत उतरतो. त्या क्षणी हसणं किंवा ‘मले नाही, मला म्हण’ असं सुधारणं म्हणजे त्याला परत दाराबाहेर उभं करणं. वडशाकडे झाडीबोलीचा वापर करणारी झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात आणि तिकीट काढून लोक ती बघतात, हे सुधारणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं. शब्द कळला नाही तर मात्र विचारावं. न कळता मान डोलावण्यापेक्षा ते बरं.

आता जरा अवघड भाग. गोष्टीत अन्याय असतो आणि अन्याय करणारे आपल्याच समाजातले असतात, तेव्हा काय बोलायचं?

समजा, इंदोऱ्यातला एक मुलगा सांगतो की त्याच्या वडिलांना गावात विहिरीवर चढू देत नसत, म्हणून ते शहरात आले आणि रिक्षा चालवू लागले. ऐकणाऱ्या काही जणांना अस्वस्थ वाटतं. आणि मग तोंडातून येतं, ‘पण आमच्या घरी असं काही नाही हं, आम्ही जात मानतच नाही.’ किंवा, ‘आता कुठं राहिलंय असं!’ किंवा सरळ, ‘तुमचं बरं आहे, फी माफ आहे.’ शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचली गेली की हे शेवटचं वाक्य नागपुरात, आणि इतरत्रही, किती जणांनी ऐकलं असेल त्याला मोजदाद नाही. तिन्ही वाक्यांत एकच गोष्ट घडते: वडिलांबद्दलची गोष्ट संपते आणि ऐकणाऱ्याबद्दलची सुरू होते. मुलानं तुमच्यावर आरोप केलेला नव्हता. तुम्ही उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिलात आणि आता तुम्हाला निर्दोष ठरवायचं काम त्याच्यावर येऊन पडलं.

अशा वेळी थोडा वेळ गप्प बसता येणं ही मोठी गोष्ट आहे. चार-पाच सेकंदांची शांतता वर्गात फार लांब वाटते, पण तिनं कुणाचं काही बिघडत नाही. नंतर बोलायचंच तर सांगितलेल्याला धरून बोलावं: ‘वडिलांनी हे तुला कधी सांगितलं? लहानपणापासून माहीत होतं का?’ आपल्या घरी काय चालतं ते खरोखर माहीत नसेल तर घरी जाऊन विचारावं. आजोळच्या गावात विहीर कुणाची होती, स्वयंपाकघरापर्यंत कोण येऊ शकत होतं, घरकाम करणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का. ही उत्तरं वर्गात येऊन जाहीर करायची गरज नाही. आरक्षणावर चर्चा करायची असेल तर तीही करावी, जरूर करावी, पण तिला स्वतंत्र दिवस आणि स्वतंत्र तयारी द्यावी. कुणाच्या बापाच्या गोष्टीच्या पाठीवर बसून ती करू नये.

याच्या उलट टोकालाही एक खोड असते, आणि ती भल्या माणसांत जास्त दिसते. दलित विद्यार्थ्यानं बोलायला सुरुवात केली की वर्ग आधीच गंभीर चेहरे करून बसतो. दुःखच येणार, असं धरून चालतो. वसंत मून यांचं ‘वस्ती’ वाचलं की ही खोड मोडते. 1995 सालचं हे आत्मकथन नागपुरातल्या सीताबर्डीकडच्या वस्तीचं आहे. उपास आणि अपमान त्यात आहेत, पण आखाडे आहेत, भजनं आहेत, खेळ आहेत, समता सैनिक दलाचा रुबाब आहे, पोरांचे उद्योग आहेत. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचं संपादन करणारा माणूस ज्या गल्लीत वाढला ती गल्ली मिस्कीलही होती. तेव्हा वर्गात कुणी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरी गावाकडचे पाहुणे कसे मावत नव्हते, दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर भावानं सगळे पैसे कसे उडवले, असं सांगत असेल तर हसा. तिथं हसायचंच असतं. ‘त्या दिवशी ट्रॅफिक फार असतो’ ही प्रतिक्रिया मात्र गिळून टाका. विजयादशमीला या शहरात एका मैदानावर धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो आणि दुसऱ्या मैदानावर संघाचा उत्सव. दोन्हीकडची मुलं दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसतात. नागपूरचा वर्ग असाच असणार. त्यातल्या एकाच्या गोष्टीला दुसऱ्यानं घोषणेनं उत्तर दिलं की दोघंही पुन्हा मैदानावर जातात, आणि वर्ग रिकामा पडतो.

ओळखीचे वादही गोष्टीत मध्येच घुसतात. नागपुरात हलबा हे त्याचं ठळक उदाहरण. विणकाम करणाऱ्या हलबा-कोष्टी समाजाचा अनुसूचित जमातीचा दावा वर्षानुवर्षं चालला. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हलबा-कोष्टी त्या यादीतल्या ‘हलबा’ नोंदीत मोडत नाहीत असा निकाल दिला. त्यानंतर अनेक घरांत नोकऱ्या, प्रवेश, जात वैधता प्रमाणपत्रं यांचा घोर लागला. एखादी मुलगी या घोराबद्दल बोलत असेल तर ‘मग तुम्ही खरे की खोटे?’ हा प्रश्न कोर्टाला शोभतो, वर्गमित्राला नाही. तुमचं मत निकालाच्या बाजूनं असू शकतं. वर्गात गोंड किंवा माडिया विद्यार्थी असेल तर त्याचं मत फारच ठाम असू शकतं, आणि त्याला कारणं आहेत. तेही ऐकायला हवं, त्याच्या पाळीला. पण वडिलांची नोकरी जाईल या भीतीनं घरात दिवाळी कशी झाली, हे ऐकायला निकालाची प्रत लागत नाही.

आपण स्वतः काय सांगायचं, हा प्रश्न उरतो. धरमपेठेत, लक्ष्मीनगरात वाढलेली काही मुलं म्हणतात, ‘आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आम्ही नॉर्मल.’ हे खरं नसतं. श्रावणातली सोवळ्यातली पूजा, मौंजीला आलेला आहेर, अमेरिकेतल्या काकांचा रविवारचा फोन, घरात मोठ्यानं कधीच न बोलला जाणारा पगार, मराठी माध्यमातून काढून इंग्रजी माध्यमात घातलेलं दुसरं मूल, ही सगळी संस्कृतीच आहे. संस्कृती फक्त दुसऱ्यांकडे असते आणि आपण तिचे प्रेक्षक, असा समज वर्गातल्या अर्ध्या मुलांना गप्प बसवतो आणि उरलेल्यांना नमुना बनवतो. तेव्हा आपल्या पाळीला आपणही खरं काही आणावं. फक्त दुसऱ्याच्या पाळीत आणू नये. ‘अगं, माझ्या आजीचंही अगदी सेम!’ हे जवळीक दाखवायला म्हटलं जातं, पण दोन आज्या सहसा सेम नसतात. जोड सांगायचीच तर एका वाक्यात सांगून चेंडू लगेच परत द्यावा.

जे वर्गात सांगितलं ते कॅन्टीनमध्ये, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, किंवा ‘माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट’ म्हणून स्पर्धेच्या भाषणात जाऊ नये. फोनवर रेकॉर्ड करण्याचा तर प्रश्नच नको. गोष्टीत सांगणाऱ्याची आई असते, बहीण असते. त्यांची परवानगी कुणी घेतलेली नसते. आवडली म्हणून पुढं सांगावीशी वाटली तर आधी विचारा, आणि ‘हो’ ऐकल्यावरसुद्धा नाव-गाव गाळा.

कुणी रडलं तर पाणी द्या, जागा द्या, हवं तर ‘थांबू या का?’ विचारा. पाठीवर हात ठेवायची घाई करू नका, सगळ्यांना ते आवडत नाही. गोष्टीत आजचा धोका दिसला, मारहाण, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं, तर ते गुपित म्हणून जपायचं नसतं. विश्वासातल्या शिक्षकांना त्याच दिवशी सांगायचं. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे डी.एड.-बी.एड. करणाऱ्यांना तर पुढं शाळेत रोजच्या कामात लागणार आहे. सांगितलेल्या गोष्टीवरून नंतर कुणी जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून टोमणे मारू लागलं तर ती थट्टा राहत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत असा छळ स्पष्टपणे येतो. मदतीचा क्रमांक 1800-180-5522.

शिक्षकांसाठी थोडं. पहिली गोष्ट वर्गातल्या सगळ्यात उपेक्षित मुलाकडून मागू नका. ‘तू सांग ना, तुझ्याकडे तर खूप असेल’ या आग्रहानं मुलं मिटतात. स्वतःपासून सुरुवात करा, दोन मिनिटांत, नटवू नका. न सांगण्याची मुभा पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा, आणि न सांगणाऱ्याचे गुण कापू नका. किती दुःख आहे त्यावर गुण द्यायला लागलात तर मुलं दुःख वाढवून आणतील, त्यात त्यांची चूक नाही. गुण द्यायचेच असतील तर प्रतिसाद किती लक्षपूर्वक लिहिला आहे त्याला द्या. वर्ष संपलं की वह्या ज्याच्या त्याला परत करा. नॅकच्या भेटीसाठी काचेच्या कपाटात ठेवू नका.

आणि एवढं सगळं वाचूनही कधी तरी तोंडातून चुकीचं वाक्य जाईलच. गेलं तर भर वर्गात नाट्यमय माफी मागू नका, त्यानं समोरच्याला सगळ्यांदेखत ‘अरे, काही नाही’ म्हणावं लागतं. दुसऱ्या दिवशी एकटं गाठा, पार्किंगमध्ये किंवा लायब्ररीच्या जिन्यात, आणि नेमकं कोणतं वाक्य चुकलं ते सांगा: ‘काल मी फी माफीचं बोललो, ते बोलायला नको होतं.’ कारणं देऊ नका. समोरून काही उत्तर आलं नाही तर माफी दुसऱ्यांदा मागू नका, आणि पुढच्या वेळी त्याची पाळी येईल तेव्हा फोन खिशात ठेवून बसा.